पीएसए वाढल्यावर वाट बघण्याचे दिवस
पीएसए, म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी, ७ आला, बायोप्सीला तीन आठवडे आहेत, तोवर डोकं कसं शांत ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. हा आकडा एकट्या कॅन्सरमुळे वाढत नाही. वयानुसार मोठी झालेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा लघवीचा संसर्गही तो वर नेतो. (फिनास्टराइड ही वाढलेल्या प्रोस्टेटवरची किंवा केसगळतीवरची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा; तिने आकडा साधारण निम्मा दिसतो.)

माझ्या वेळी रात्री दोनला मोबाइलवर शोधाशोध चालायची. झोप गेली, हाती काही लागलं नाही. मग प्रश्न सुचला की वहीत लिहायचा आणि वही मिटायची. बायकोपासून मात्र दहा दिवस लपवलं, ती चूक. तिला चेहऱ्यावरून कळलंच होतं म्हणे.