तेराव्या वर्षी इन्स्टाग्राम द्यावं का? सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ए-१०२ ताई: नमस्कार. सगळ्यांचं मत हवंय, घरात रोज यावरून वाद होतोय. लेकीला तेरावं वर्ष पूर्ण झालं आणि ती इन्स्टाग्रामचं खातं मागतेय. "वर्गातल्या सगळ्यांचं आहे, मलाच काही कळत नाही," असं म्हणते. ह्यांचं म्हणणं, सोळा होईपर्यंत अजिबात नाही. मला दोघांचंही पटतं, म्हणून अडकलेय. तुमच्याकडे काय ठरवलंत?

सी-२०१ काका: अजिबात देऊ नका. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल सल्ला देणाऱ्या तिथल्या सर्वोच्च सरकारी डॉक्टरने, मे २०२३ मध्येच इशारा दिला होता की जी मुलं दिवसाला ३ तासांपेक्षा जास्त वेळ तिथे घालवतात, त्यांना नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट असतो. एवढं समोर असताना आणखी विचार कसला करायचा?

बी-३०३ दादा: काका, धोका आहे हे मान्य. पण त्याच इशाऱ्यात असंही नोंदवलंय की बऱ्याच मुलांना तिथे आधार मिळतो, आपल्यासारखी माणसं भेटतात. आणि मूल फोनमुळे उदास झालं की आधीच उदास होतं म्हणून फोनमध्ये शिरलं, हे अशा आकड्यांवरून कळत नाही.

ए-४०१ काकू: माझा अनुभव सांगते, थोडं लांबेल. ह्यांना मायस्थेनिया ग्रॅव्हिस आहे, म्हणजे स्नायू लवकर थकून कमजोर होण्याचा आजार, ग्रुपवर बऱ्याच जणांना माहीत आहे. आजार इतका कमी आढळतो की निदान झालं तेव्हा ओळखीत विचारायला एकही माणूस नव्हता. पापणी मिटलेली, घास गिळताना ठसका, संध्याकाळ झाली की मान धरवत नाही. फेसबुकवर रुग्णांचा आणि घरच्यांचा एक गट सापडला. तिथे एका बाईंनी विचारलं, "गोळी जेवणाच्या किती आधी देता?" तोच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, त्यांनी अर्धा-पाऊण तास आधीची वेळ ठरवून दिली आणि ह्यांना दोन घास सुखाने जायला लागले. काही अँटिबायोटिकनी हा आजार बळावतो, सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्यातलंच, हेही पहिल्यांदा तिथेच वाचलं. डॉक्टरांनी खात्री करून दिली, आता ती यादी ह्यांच्या पाकिटात असते.

आणि त्याच गटात एक जण लोकांना खासगी मेसेज करून सांगत होता, "मुळापासून बरा करतो, चालू गोळ्या बंद करा." या आजारात गोळ्या अचानक थांबवल्या तर श्वासावर बेतू शकतं. गट चालवणाऱ्या बाईंनी त्याला काढलं, पण तोवर तो किती जणांपर्यंत पोचला असेल, या विचाराने अजून जीव घाबरतो. दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं. त्यामुळे सरसकट चांगलं किंवा वाईट मला तरी म्हणता येत नाही.

सी-२०१ काका: वहिनी, तुमचं वेगळं. तुम्ही डॉक्टरांना विचारून घेतलंत. तेरा वर्षांचं पोर कुणाला विचारणार?

बी-३०३ दादा: काकू, मला वाटतं खरा फरक तुमच्या मेसेजमध्येच आहे. तुम्ही गरज घेऊन गेलात, शोधलंत, विचारलंत आणि काम झाल्यावर बाहेर पडलात. रील्स उघडल्यावर आपण काहीच शोधत नसतो. समोर काय येणार ते कंपनी ठरवते, आणि तिची कमाई जाहिरातींवर आहे. आपण जितका वेळ थांबू तितकं तिचं भलं. पूर्वी पानाला शेवट असायचा, पुढे जायला काहीतरी दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. अॅझा रॅस्किन या डिझायनरने २००६ मध्ये न संपणारं पान तयार केलं. पुढे त्याने स्वतःच त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे.

परवा लेक शेजारी बसला होता म्हणून नीट बघितलं. आकाशनिरीक्षणाचा व्हिडिओ बघायला त्याने फोन घेतला. तो संपल्यावर ग्रहांचा आला, मग परग्रहवासीयांचा, मग जग बुडणार म्हणून सांगणारा. पहिला सोडला तर त्याने एकही निवडला नव्हता. विचारलं, "हे खरं वाटतं का?" तर म्हणाला, "माहीत नाही, आपोआप आलं." मला काळजी या "आपोआप"ची आहे. खातं आहे की नाही याची कमी.

आणखी एक. अमेरिकेत २०१८ मध्ये संशोधकांनी काही लोकांना पैसे देऊन ४ आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. दिवसाचा सरासरी तासभर मोकळा झाला, माणसं थोडी जास्त समाधानी झाली, राजकीय मतांतली टोकं जरा बोथट झाली. पण चालू घडामोडींची माहितीही कमी झाली. सोडल्यावर काहीतरी हातचं जातंच, तरी बहुतेकांना बरं वाटलं. प्रयोग संपल्यावरही बरेच जण पूर्वीइतके परत गेले नाहीत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

डी-१०४: नमस्कार, मी बाबांच्या फोनवरून लिहितेय. मी सतरा वर्षांची आहे. काका, रागावू नका, पण पूर्ण बंदी घातली तर ताईंची लेक दुसऱ्या नावाने खातं काढेल. माझ्या वर्गात दोघींनी तेच केलं. मग काही वाईट झालं तरी घरी सांगता येत नाही, कारण आधी खातं आहे हेच सांगावं लागतं. एकीला अनोळखी माणसाचे घाणेरडे मेसेज येत होते, ती कितीतरी दिवस गप्प होती.

आणि ताई, तिचं "मलाच काही कळत नाही" हे खोटं नाही. प्रकल्पाचं, भेटायचं सगळं तिथेच ठरतं. पण त्रासही आहे. फोटो टाकल्यावर लाइक येईपर्यंत मी दर मिनिटाला बघायचे. आता मी लाइकचा आकडा लपवलाय आणि मला खरंच हलकं वाटतं. फोन रात्री बाहेरच्या खोलीत ठेवायचा हे आईने ठरवलं, तेव्हा भांडले होते. आज मला ते बरोबर वाटतं.

ए-१०२ ताई: बाळा, किती नीट लिहिलंस. घरी सांगता येत नाही, ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती.

सचिव: मुलांचं चाललंय तर मोठ्यांचंही बोलू. २०१८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. ट्विटरवर खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती, आणि ती पसरवण्यात आपोआप चालणाऱ्या खात्यांपेक्षा माणसांचाच हात मोठा निघाला. तेव्हा या ग्रुपवर औषधोपचाराचे फॉरवर्ड आजपासून नकोत. आणि मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय बाहेर टाकू नका.

सी-२०१ काका: यावर माझी पूर्ण सहमती. बंदीबद्दल मत बदललेलं नाही. तेरा हे वय कच्चंच.

ए-१०२ ताई: काका, तुमची काळजी समजते. खातं दिलंच तर नेमकं काय काय बंद ठेवता येतं?

बी-३०३ दादा: सप्टेंबर २०२४ पासून इन्स्टाग्रामने १८ वर्षांखालच्यांसाठी वेगळी किशोर-खाती आणली आहेत. खातं आपोआप खासगी असतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात. १६ च्या आतल्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. फक्त जन्मतारीख खरी टाका, सगळं त्यावर चालतं.

ए-१०२ ताई: आणि त्यातली पालकांची देखरेखीची सोय चालू केली तर तिचे मेसेज मला दिसतील?

डी-१०४: वाचता येत नाहीत. गेल्या ७ दिवसांत कुणाशी बोलली ते दिसतं, आणि रोजची वेळ ठरवता येते. पण तिला सांगून चालू करा.

ए-१०२ ताई: तिच्यासमोरच करेन. आधी ह्यांना हा सगळा ग्रुप वाचायला देते.