मदत हवी आहे: आधी ठरवून खेळायचं की समोर येईल तसं?

चिंचगुळ:
चार दिवसांत तिसरा गेम घालवला. आता रीतसर वही घातली आहे. नकाशाच्या घरांचे पानभर षटकोन काढलेत, पहिल्या ६० टर्नचं सगळं लिहून काढलंय. कॅम्पस (विज्ञानाचा विभाग) डोंगराच्या कुशीत, दुसरं शहर हस्तिदंतापाशी, तिसरं नदीकाठी. आणि दर वेळी ३५-४० च्या सुमारास शेजारी येतो आणि दुसरं शहर उचलून नेतो. मग वैतागून एक गेम वही न उघडता खेळलो, येईल त्याला उत्तर देत. शहरं वाचली, पण ८०व्या टर्नला विज्ञानात सगळ्यांच्या मागे. तर लोक प्लॅन करून खेळतात की रिअ‍ॅक्ट करून? थेट उत्तर द्या. 'अनुभवाने येईल' नको. सोमवारपासून ऑफिस आहे.

रात्रपाळी:
गेमचं नाव तरी टाका हो. कॅम्पस आणि षटकोन म्हणजे सिव्हिलायझेशन ६, तो शहरं वसवत साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम, असं धरतोय. लेव्हल कुठली? स्पीड? शेजारी कोण? तो येतो तेव्हा तुमच्याकडे सैन्य किती असतं?

गुळांबा:
प्लॅनच. वादच नाही. शहरात दुसरा डिस्ट्रिक्ट (कॅम्पससारखा खास विभाग) चार लोकसंख्येला, तिसरा सातला, हे ठरलेलं आहे. म्हणजे जागा पहिल्या टर्नलाच नकाशावर खुणा ठोकून ठेवायच्या. शिवाय डिस्ट्रिक्टचा पाया टाकला की त्याची किंमत तिथेच थांबते, पुढे संशोधन वाढलं तरी चढत नाही. पाया टाका आणि बाकीचं बांधत बसा. ज्याला हे माहीत नाही तो तहान लागल्यावर विहीर खणतो.

सोंगटी:
@गुळांबा, आणि विहीर खणेपर्यंत गाव शेजाऱ्याचं झालेलं असतं त्याचं काय? धागाकर्त्याची वही म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. चिंचगुळ, सिव्ह सोडा, इन्टू द ब्रीच खेळा. ८ बाय ८चा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू पुढच्या क्षणी कुठे मारणार ते आधीच दाखवतात. तुम्ही फक्त उत्तर द्यायचं. ढकला, वळवा, त्याचाच मार त्याच्याच भावाला बसू द्या. मी ऑफिसच्या बसमध्ये एक बेट संपवते.

चिंचगुळ:
सिव्ह ६च, अजून कुठला असणार! लेव्हल इमॉर्टल, म्हणजे अवघडपैकी. स्टँडर्ड स्पीड. भारताचा चंद्रगुप्त घेतलाय. शेजारी कोण याने काय फरक पडतो? मी दुसरा गेम विचारलेला नाही.

पाचवा_पाहुणा:
चंद्रगुप्त असेल तर मिलिटरी ट्रेनिंग सिव्हिक (संस्कृतीच्या बाजूचं संशोधन) झाल्यावर विस्ताराचं युद्ध पुकारा. दहा टर्न सैन्याला +५ ताकद आणि दोन जास्तीच्या चाली. वर भारताचा वरू हत्ती काढा, आजूबाजूच्या शत्रूची ताकद ५ने उतरते.

रात्रपाळी:
@पाचवा_पाहुणा, ३८व्या टर्नला कुठला हत्ती काढताय! @चिंचगुळ, दोनच प्रश्न: शेजारी कोण, सैन्य किती?

जुनाजाणता:
या सगळ्यापेक्षा बुद्धिबळ खेळा, फुकट आहे. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. ती काय वही उघडून बसली होती का?

गुळांबा:
काका, ओपनिंगची तयारी म्हणजे वहीच की.

जुनाजाणता:
अहो, पण समोरच्याने वहीबाहेरची चाल केली की मग? नुसतं पाठांतर करणारी पोरं तिथेच गळतात. आमच्या क्लबात रोज बघतो.

सोंगटी:
काकांना +१.

चिंचगुळ:
क्लब नंतर. शेजारी अ‍ॅझ्टेकांचा माँटेझुमा, तिन्ही वेळा. (सेव्ह एकच आहे, सुरुवातीपासून पुन्हा खेळतोय. सांगायचं राहिलं.) सैन्य म्हणजे एक वॉरियर (सुरुवातीचा साधा सैनिक), तो बहुतेक वेळ नकाशा उघडत लांब गेलेला असतो.

रात्रपाळी:
हे पहिल्याच पोस्टमध्ये टाकलं असतं तर दिव्यापर्यंत जायची वेळ आली नसती. 🙂

माँटेझुमाचा अजेंडा, म्हणजे त्याला काय आवडतं-खुपतं ते, वाचलाय का? त्याच्याकडे जी चैनीची वस्तू आहे ती तुमच्याकडेही असली तर तो खूष. त्याच्याकडे नसलेली तुमच्याकडे असली तर डोळ्यात खुपते. तुम्ही वहीत लिहून, ठरवून हस्तिदंतापाशी शहर वसवता. हस्तिदंत चैनीची वस्तूच. त्याच्याकडे ते आहे का? नसणारच. म्हणजे भांडण तुम्हीच दर वेळी वेळापत्रकात घालताय.

वर त्याचा ईगल वॉरियर २८ ताकदीचा, तुमचा साधा वॉरियर २०चा. इमॉर्टलला एआयला (कॉम्प्युटरच्या खेळाडूंना) लढाईत आणखी +३. आणि तुमचा २०चाही घरी नाही! भिंत नसलेलं शहर बाणही मारत नाही.

त्यामुळे दुसऱ्या सेटलरच्या (नवं शहर वसवणाऱ्याच्या) आधी दोन स्लिंगर (गोफणवाले). एकाने रानटी स्काउट जरी मारला तरी आर्चरीचं (धनुर्विद्येचं) ४० टक्के संशोधन फुकटात. मग सोनं देऊन त्यांचे आर्चर करा आणि टेकडीवर बसवा. माँटेझुमा भेटेल त्याच टर्नला २५ सोन्याचं शिष्टमंडळ धाडा, पुढच्या टर्नवर ढकलू नका.

वही फाडू नका. कॅम्पस एकदा बांधला की हलत नाही, तेव्हा त्याची जागा वहीतच ठरवा. पण शहरात काय बनतंय ते कधीही बदलता येतं, अर्धवट राहिलेलं काम वाया जात नाही. तो रकाना शिसपेन्सिलीने लिहा.

गुळांबा:
मी तरी वेगळं काय म्हणत होतो?

सोंगटी:
तुम्ही विहीर म्हणत होतात.

चिंचगुळ:
२०व्या टर्नपासून पुन्हा लावला. स्लिंगर दोन, सेटलर नंतर, वॉरियरला घरी बोलावलं. त्याने माझ्या सीमेवर तीन ईगल आणून उभे केले, चार टर्न नुसते घिरट्या घालत होते, मग निघून गेले. ५२व्या टर्नला दोन्ही शहरं शाबूत आणि कॅम्पसचा पाया टाकलाय. धन्यवाद रात्रपाळी.

आता हस्तिदंतापाशी त्यानेच शहर वसवलंय. माझ्या तिसऱ्या शहराच्या जागेला खेटून. तीन आर्चर आहेत. घेऊ का सोडू? वहीत हे पान नाही.

रात्रपाळी:
भिंत आहे का त्याला? आणि किती मोठं आहे ते लिहा की आधी.

पाचवा_पाहुणा:
अवांतर: हा गेम आयपॅडवर नीट चालतो का? मुलाचा वाढदिवस आहे.