उद्या वळीव लागणार वाटतं, जनावरं कुठं बांधू?

प्रश्न: कागलकडं आमचा गोठा हाय, उद्या कोल्हापूरला यलो अलर्ट दाखवतंय, विजा आणि सोसाट्याचा वारा म्हणे. अमेरिकेत कोल्ड फ्रंट (पुढं सरकणाऱ्या थंड हवेची आघाडी) येऊन वादळं होतात तसंच हे असतंय का? पत्र्याचं लई टेन्शन आलंय.

उत्तर: एप्रिल-मेत आपल्याकडं कोल्ड फ्रंट नसतोय भावा. जमीन तापते, समुद्राकडनं बाष्प येतंय, दुपारनंतर ढग उंच चढतात आणि संध्याकाळी कोसळतात, म्हणून सकाळी आभाळ मोकळं दिसलं तरी निवांत राहू नका.

उत्तर: झाडाखाली जनावरं अजिबात बांधू नका!! पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप घ्या, जवळपास विजेचा धोका असला की इशारा देतंय.

उत्तर: पत्र्यांचे हूक आजच आवळा, वारा पावसाच्या आधी येतोय.