बोकडाच्या मेंदूच्या स्लाइडमध्ये गर्द, पिळलेल्या चेतापेशी: प्राणवायूअभावी की हाताळणीमुळे?

पन्हाळा_रोड: एमएस्सीच्या सरावासाठी बोकडाच्या मेंदूचे पॅराफिन ब्लॉक केले आहेत. मुंडी मटणाच्या दुकानातली. तिथंच सत्तुरानं कवटी फोडून भेजा काढला आणि तासाभरात १०% फॉर्मॅलिनमध्ये टाकला. हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाह्य थराच्या) कित्येक पिरॅमिडल पेशी गर्द जांभळ्या, आकसलेल्या, डेंड्राइट (पेशीची फांदी) स्क्रूसारखा पिळलेला. शेजारच्या पेशी व्यवस्थित. गळा कापल्यावर रक्तपुरवठा तुटतो, त्याचा हा परिणाम का? शिवाय जागोजागी तपकिरी-काळे कण दिसतात.

काचपट्टी: नाही, ही इजा प्राणवायूअभावी झालेली नाही. तशी इजा सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला घटनेनंतर जनावर काही तास जिवंत राहावं लागतं आणि रक्ताभिसरण चालू असावं लागतं. त्या पेशींचं पेशीद्रव गुलाबी-लाल होतं, निसल कण (पेशीद्रवातले निळे रंगणारे कण) विरतात, केंद्रक आकसून गडद होतं, केंद्रिका (केंद्रकातला ठिपका) दिसेनाशी होते. तुमच्या पेशींचं पेशीद्रव निळं-जांभळं आहे. ही 'डार्क न्यूरॉन' नावाची हाताळणीची कृत्रिम खूण, रोग नव्हे: फिक्स न झालेला (फॉर्मॅलिनमध्ये पक्का न झालेला) ताजा मेंदू दाबला, ओढला, पिळला की होते. सत्तुराचा घाव आणि बोटांचा दाब एवढं तिला पुरतं.

पडताळा सोपा आहे. गर्द पेशी तुकड्याच्या कडेला आणि दाब पडला त्या पट्ट्यात जास्त सापडतील, मध्ये निरोगी पेशी असतील, आणि आसपास ग्लियाची (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींची) काहीच प्रतिक्रिया नसेल. निव्वळ गर्द रंगावरून निदान करूच नका.

पन्हाळा_रोड: मग मेंदू काढायचा कसा? परफ्युजन (रक्तवाहिन्यांतून द्रव सोडण्याचा) पंप नाही.

रंकाळा_लॅब: पंप लागत नाही, सलाइनचा स्टँड पुरे. बाटलीची पातळी मुंडीपासून सुमारे १३६ सेंमी उंच ठेवली की दाब १०० मिमी पाऱ्याइतका होतो. मुंडी मानेला लांब ठेवून कापायला सांगा, म्हणजे दोन्ही कॅरोटिडची (मानेतल्या मुख्य धमन्यांची) टोकं हाताला लागतील. कॅन्युला (बारीक नळी) घालून दोऱ्यानं बांधा. आधी ०.९% सलाइन, शिरांतून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. मग बफर्ड फॉर्मॅलिन. जबडा आणि मानेचे स्नायू ताठ झाले की द्रव पोहोचतोय असं समजा, मेंदूची खात्री मात्र कवटी उघडल्यावरच. बोकडात मेंदूला रक्त मुख्यतः कॅरोटिडच्या शाखांतून, कवटीच्या तळाशी असलेल्या जाळ्यातून जातं, म्हणून हा मार्ग चालतो. गुठळी असली तर मात्र त्या भागात द्रव जातच नाही, म्हणून कापल्यापासून जितक्या लवकर कराल तितकं बरं.

सगळ्यात जास्त चुकतं ते पुढे. परफ्युजननंतर लगेच कवटी उघडू नका. रात्रभर ४ अंशांवर तशीच राहू द्या, मगच करवतीनं उघडा. सत्तूर नको.

काचपट्टी: काळ्या कणांचं कारण बहुधा फॉर्मॅलिन. ते आम्ल झालं की रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून रंगद्रव्य तयार होतं. ध्रुवित प्रकाशात चमकलं तर तेच. आम्लता रोखणारं बफर्ड फॉर्मॅलिन असं: ३७-४०% फॉर्मॅलिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. आकारमान ऊतीच्या किमान १० पट, मेंदूला २० पट बरं. हवेशीर जागी, हातमोज्यांनीच हाताळा.

जुने सेक्शन (पातळ काप) वाचवायचे असतील तर पॅराफिन काढल्यावर, रंगवण्याआधी, संपृक्त अल्कोहोली पिक्रिक आम्लात ठेवा आणि वाहत्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. पिक्रिक कोरडं पडू देऊ नका, स्फोटक आहे.

रंकाळा_लॅब: एप्रिल-मेच्या उन्हात मुंडी आणताना बर्फावर आणा, पण बर्फाला चिकटवू नका. गोठली की स्फटिकांची रिकामी भोकं पडतात आणि ती मेंदूला भोकं पाडणाऱ्या स्पंजी रोगासारखी दिसतात. उलट उबेत राहिली तर पेशी स्वतःच विरघळतात. सेरेबेलमचा (लहान मेंदूचा) ग्रॅन्युलर थर आधी फिका पडतो, तिथल्याच मोठ्या पर्किंजे पेशी बऱ्या असतानाही. अगदी उशिराच्या मेंदूत वायू करणाऱ्या जिवाणूंची गोल भोकं दिसतील, भोवती दाह नसलेली. बाहेर काढलेला मेंदू भांड्याच्या तळाशी टेकवू नका, सपाट होतो. मेंदूच्या तळाच्या बॅसिलर धमनीखालून दोरा घालून टांगा.

पन्हाळा_रोड: रविवारी नवी मुंडी घेतो. जुन्या ब्लॉकचे कडेचे आणि मधले सेक्शन वेगळे काढून गर्द पेशी मोजतो, आकडे इथंच टाकेन.