स्कॅन झालेली जुनी पुस्तकं सर्वांना खुली करावीत का?

परभणी
मराठवाड्यातल्या जुन्या वाचनालयांत निजामकाळातली मासिकं आणि स्मरणिका पडून आहेत. स्कॅनिंग होतं, पण फाइल वाचनालयाच्याच संगणकात राहते. किनवटच्या विद्यार्थ्यानं त्यासाठी परभणीपर्यंत एसटीनं यायचं का? लेखक वारला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं कॉपीराइट. म्हणजे १९६५ साली वारलेल्यांचं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मुक्त झालं. तेवढं तरी लगेच खुलं करा.

लातूर
घाई नको. अनुवादकाचा हक्क वेगळा, टिपा लिहिणाऱ्या संपादकाचा वेगळा. मासिकाच्या एका अंकात पंधरा लेखक; त्यांतल्या निम्म्यांचं मृत्यूवर्ष कोण शोधणार? ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा स्कॅन केलेल्या पुस्तकांचा सरकारी संग्रह; तीही हक्कभंगाच्या कारणानंच बंद ठेवावी लागली. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत लहान वाचनालयाला नोटीस आली तर वकील कुठून आणायचा?

परभणी
निनावी लेखांची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, तिथं शोधाशोध नाही. बाकी ज्यांच्या हक्काबद्दल शंका आहे त्या लेखांची पानं वगळून अंक नेटवर चढवता येतो. चार लेखांपायी अख्खा अंक कोंडून ठेवणं मला मान्य नाही.

नांदेड
खरा पेच हक्क शिल्लक असलेल्या, पण बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनं सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवता येते. ती नेटवर वाटण्याची मुभा त्यात नाही. अमेरिकेत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ छापील प्रत जपून तेवढ्याच डिजिटल प्रती वाचायला देत होतं. प्रकाशक कोर्टात गेले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आर्काइव्ह अपीलही हरलं. तेव्हा लेखकाच्या वारसाची लेखी परवानगी घ्या. लातूरकर, वारसाला विचारायला वकील लागत नाही.

अंबाजोगाई
पोथ्यांचं काय? चारशे वर्षांपूर्वीच्या मजकुरावर कॉपीराइट नाही, पण पोथी मठाच्या ताब्यात असते. न विचारता चढवलीत तर पुढचं बासन कुणी सोडणार नाही. दुसरं, चढवताय ते वाचता तरी यावं. पुस्तक सपाट काचेवर दाबलं की शिवणीजवळची अक्षरं गडप होतात आणि कडक झालेलं पान तुटतं. व्ही आकाराचा आधार वापरा. किमान ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके), रंगीत. मूळ टिफ फाइल जपा, वाचकाला हलकी पीडीएफ द्या. फाइलला नुसता आकडा दिला तर कुणाला सापडणार? नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या देवनागरीत नोंदवाच.

लातूर
नोंदींची यादी आजच खुली करा, त्याला माझी हरकत नाही. पानं मात्र हक्क तपासल्यावरच.

परभणी
यादी वाचून प्रबंध लिहिता येत नाही, लातूरकर. तपासायला मुदत ठरवा. मुदत नसेल तर तपासणीच्या नावाखाली कपाट बंदच राहील.