मोटरहोमनं फ्रान्सला जायचं चाललंय, किल्ल्याचं कुठलं गाव धरू?

टिळकवाडीकर:
नमस्कार मंडळी. पोरगा जर्मनीत असतोय, सप्टेंबरात आम्ही दोघं तिकडं जायलोय आणि तो म्हणतोय मोटरहोम भाड्यानं घेऊन फ्रान्सला जाऊया. गाडीतच झोपायचं, गाडीतच भात लावायचा, हिला तर ते लई आवडलंय. मला किल्ल्याचं एक जुनं गाव निवांत बघायचं आहे, फोटो काढून पळायचं नाही. आंब्वाझ का कार्कासॉन यावर घरात रोज वाद. माझा गुडघा कुरकुरतोय हे पण धरा. आणि एवढं धूड जुन्या गावात लावायचं कुठं?

खानापूरची_सून:
काका, आंब्वाझच करा. गाडी जुन्या गल्ल्यांत न्यायचीच नाही, लुआर नदीच्या मधोमध ईल द'ऑर म्हणून बेट आहे तिथं कॅम्पिंग आहे, पुलावरनं चालत गेलं की किल्ला समोरच. तिथल्या बुरुजांचं बघण्यासारखं म्हणजे आतनं जिना नाही, गोल गोल चढत जाणारी रुंद वाट आहे, घोडे आणि गाड्या थेट वर जायला केलेली. आठवा शार्ल राजा इथलाच, जन्म पण इथला, आणि १४९८ मध्ये चेंडूचा खेळ बघायला जाताना दाराची चौकट डोक्याला लागली आणि सत्ताविसाव्या वर्षी गेला बिचारा. नंतर फ्रांस्वा राजानं १५१६ मध्ये लिओनार्दो दा विंचीला बोलावून घेतलं, तो क्लो ल्यूसेत राहिला, ते घर किल्ल्यापासनं चालत जाण्यासारखं आहे. १५१९ ला तिथंच वारला, समाधी किल्ल्यातल्या छोट्या चॅपेलमध्ये. आधी घर बघा मग समाधी, असं माझं मत.

निपाणीकर:
आंब्वाझ छान आहे पण तो राजवाडा झाला की, त्यातला पण बराच भाग एकोणिसाव्या शतकात पाडलाय. किल्ला म्हणजे कार्कासॉन! दुहेरी तट, ५२ बुरूज, तीनेक किलोमीटरची तटबंदी. बेळगावच्या किल्ल्याचा खंदक बघत मोठं झालेल्या माणसाला तेच भावणार.

खानापूरची_सून:
भावेल हो, पण त्यातलं बरंच काम १८५३ नंतर व्हिओले-ल-द्यूक नावाच्या वास्तुकारानं नव्यानं केलेलं आहे, बुरुजांच्या टोकदार टोप्यांवरनं तर तिकडं अजून वाद चालतात. आणि लुआरपासनं ते पाचशे किलोमीटरच्या वर आहे, गुडघेवाल्या माणसाला गाडीत बसवून नेणार का?

हिंडलग्याचा_पाहुणा:
गाडीचं मी सांगतो. साडेतीन टनापर्यंतची गाडी साध्या कारच्या लायसनवर चालते, तुम्ही पण स्टेअरिंग धरणार असाल तर इथल्या आरटीओतनं इंटरनॅशनल परमिट काढून ठेवा, आणि तिकडं उजव्या बाजूनं चालवायचं असतंय, पहिल्या दिवशी पोरालाच चालवू दे. पार्किंगच्या तोंडाला बऱ्याच ठिकाणी उंचीचा आडवा दांडा असतोय, आत घुसायच्या आधी वर बघा. रात्री रस्त्याकडेला थांबायचं असेल तर बोर्ड वाचा, पुष्कळ गावांत मोटरहोमला बंदी असते, आणि बंदी नसली तरी खुर्च्या-टेबल मांडून, गाडीचं कापडी छत बाहेर ओढून बसायचं नाही, ते कॅम्पिंग धरतात. मोटरहोमसाठी वेगळ्या जागा असतात, त्यांना तिकडं एअर म्हणतात, बऱ्याच ठिकाणी पाणी भरायची आणि संडासाची टाकी रिकामी करायची सोय असते. ती टाकी रोज बघायचं काम आधीच वाटून घ्या, नाहीतर भांडणं तिथनंच सुरू.

टिळकवाडीकर:
आंब्वाझ पक्कं मग. टाकी पोराकडं. एक विचारू का, ही म्हणतेय पोरासाठी कुंदा आणि तूप न्यायचं, चालतंय का? आणि आम्ही शाकाहारी, खायचं काय?

खानापूरची_सून:
दोन्ही नको. बाहेरच्या देशातनं दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला प्रवाशाला बंदी आहे, कस्टमनं धरलं तर टाकून देतात. डाळ-तांदूळ तिकडं मोठ्या शहरात मिळतात, जर्मनीतनंच भरून निघा. ब्रेड गावातल्या बेकरीत मस्त मिळतंय. त्या भागातलं सेंत-मोर नावाचं शेळीच्या दुधाचं चीज फेमस आहे, मधनं गवताची काडी घातलेली असते, पण चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण घालतात बरेचदा, कडक पाळणारे असाल तर विचारून घ्या.

टिळकवाडीकर:
चीज पण कटाप मग. पिठलं-भातच!