मांगातले (जपानी चित्रकथांमधले) खलनायक सैतानाच्या साच्यात बसतात का?

(एका चर्चेतल्या नोंदी; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शाईचा डाग

मांगाची चर्चा निघाली की 'बर्सर्क'चा ग्रिफिथ, 'डेथ नोट'चा लाइट यागामी, 'मॉन्स्टर'चा योहान, 'डेमन स्लेयर'चा मुझान, 'चेनसॉ मॅन'ची माकिमा या सगळ्यांना सरसकट 'सैतान' म्हणून मोकळं होतात. मला हे पटत नाही. सैतान म्हणजे नुसता महादुष्ट नव्हे, त्याचा एक ठरलेला साचा आहे. तो देवाविरुद्ध बंड करून खाली पडलेला असतो, माणसाला मोह घालतो, करार करतो आणि मुदत भरली की आत्मा घेऊन जातो. हा साचा काटेकोरपणे लावला तर वरच्यांपैकी कोण त्यात बसतं? आणि तपासायला सुरुवात नेमकी कुठून करावी? पात्राच्या स्वभावावर वाद घालून काहीच निष्पन्न होत नाही, हे आधीच्या धाग्यांत दिसलंच आहे.

(पुढे भरपूर स्पॉयलर येतील. 'बर्सर्क', 'मॉन्स्टर', 'डेमन स्लेयर' वाचायचं बाकी असेल त्यांनी इथेच थांबावं.)

उजवीकडून डावीकडे

स्वभाव सोडा, व्यवहार बघा. पात्राला शक्ती मिळते तो प्रसंग उघडायचा आणि चार गोष्टी टिपायच्या: देऊ कोण करतं, 'हो' कोण म्हणतं, किंमत काय ठरते, ती वसूल कोण करतं. सैतानाची जागा पहिली आणि चौथी. मांगातला मुख्य खलनायक मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या जागी सापडतो. तो सैतान नसतोच, तो सही करणारा फाउस्ट असतो (जर्मन दंतकथेत सैतानाशी करार करून आत्मा विकणारा विद्वान). माझ्या मते सगळा गोंधळ इथेच होतो.

'बर्सर्क'मधलं ग्रहण घ्या. वर्षभराच्या छळानंतर ग्रिफिथच्या हातापायांच्या नसा तोडलेल्या आहेत, जीभ गेलेली आहे. त्या अवस्थेत बेहेलिट (त्याच्याकडचा जादूचा ताईत) जागं होतं आणि गॉड हँड या राक्षसी शक्तींपैकी चौघे समोर येतात. ते त्याला नवं काही देऊ करत नाहीत. त्याला त्याचंच मन दाखवतात: लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेला किल्ला आणि तिथवर प्रेतांनी भरलेली वाट. अट एकच, जे अर्पण करायचं ते जिवापाड प्रिय असलं पाहिजे. परक्याचा बळी चालत नाही. ग्रिफिथ होकार देतो आणि मगच त्याच्या साथीदारांवर बळीची खूण उमटते.

हा होकार देखाव्यापुरता आहे का, हे पाहायचं तर तिसऱ्या खंडातला काउंट वाचा. मरायला टेकलेला असताना त्याच्यापुढे तोच सौदा येतो, बळी द्यायची ती पोटची मुलगी, थेरेसिया. पूर्वी बायकोला त्याने असंच अर्पण केलेलं असतं. मुलीच्या वेळी मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. त्याच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही, पण सौदा मोडतो आणि नरकाचा भोवरा त्याला ओढून नेतो. ग्रिफिथचं पाप किती मोठं हे या काउंटमुळे कळतं, कारण 'नाही' म्हणता येत होतं.

'डेथ नोट'मध्ये लोक शिनिगामी (मृत्युदेव) ऱ्यूकला मेफिस्टो, म्हणजे फाउस्टशी करार करणारा सैतान ठरवतात, तेही चुकीचं आहे. पहिल्याच प्रकरणात लाइट त्याला विचारतो की बदल्यात आत्मा नेणार का. ऱ्यूकला आत्मा नको असतो. जिच्यात नाव लिहिलं की माणूस मरतो ती वही त्याने खाली टाकली ती कंटाळा आला म्हणून. खरा सौदा त्या गोष्टीत एकच आहे, शिनिगामीच्या डोळ्यांचा (चेहरा पाहून नाव कळण्याचा), आणि त्याची किंमत उरलेल्या आयुष्याच्या निम्मी. लाइट तो नाकारतो. त्याची साथीदार मिसा दोनदा करते. म्हणजे चार प्रश्न लावले तर फाउस्टची जागा मिसाला जाते. लाइटने कोणाशीच करार केलेला नाही. तो आयत्या मिळालेल्या हत्याराने स्वतःला देव करून घेतो.

तिसरी चौकट

व्यवहाराची कसोटी चांगली आहे, पण तिच्यातून योहान पूर्ण निसटतो. तो काहीच देऊ करत नाही.

'मॉन्स्टर'च्या सुरुवातीला बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या 13व्या अध्यायातला उतारा आहे: दहा शिंगं, सात डोकी असलेलं श्वापद समुद्रातून वर येतं. एवढ्यावरून योहानला सैतान म्हणतात. पण त्याच अध्यायात श्वापदाला सत्ता देणारा अजगर वेगळा आहे, आणि सैतान तो अजगर. उतारा प्रमाण मानायचा तर योहान श्वापद ठरतो आणि मग अजगर कोण हे शोधावं लागतं. लेखक उरासावाने 18 खंडांत तेच शोधायला लावलंय: 511 किंडरहाइम हा अनाथाश्रम, चित्रांची पुस्तकं लिहिणारा बोनापार्टा, लाल गुलाबांचा वाडा.

तरीही सैतानाचं एक जुनं काम योहान करतो. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाच्या दरबारात फिर्यादी म्हणून उभा असतो. करार नाही, बंड नाही, फक्त आरोप. आता रिचर्डचा प्रसंग पाहा. हा माजी पोलीस, दारू सोडलेला, मुलीला भेटायच्या बेतात. योहान त्याच्याशी शांतपणे बोलतो आणि एकच मुद्दा पुढे सरकवतो: ज्या गुन्हेगाराला तू गोळी घातलीस, तेव्हा तू नशेत नव्हतास. ते खरं असतं, आणि माणूस कोसळतो तो त्या खरेपणामुळेच. रिचर्ड खाली पडलेला सापडतो, पाहणाऱ्याला वाटावं की पुन्हा दारू प्यायला आणि गेला. योहानला 'मोह घालणारा' म्हटलं की हा प्रसंग वाचताच येत नाही. 'फिर्यादी' म्हटलं की लगेच उलगडतो.

भूमिस्पर्श

दोघांचंही वाचन आवडलं, पण साचा फक्त बायबलचा का? जपानी खलनायकामागे बौद्ध परंपरेतला मारही उभा आहे. मार देवाविरुद्ध बंड केलेला नाही, तो वासनेच्या जगाचा धनी आहे. बोधिवृक्षाखाली बसलेल्या बुद्धावर तो सेना सोडतो, मुली पाठवतो, त्या आसनावरचा बुद्धाचा हक्क नाकारतो. त्याला आत्मा नको असतो, कोणी आपल्या जगातून सुटू नये एवढंच हवं असतं.

'नारुतो'मधला मादारा या जागी चपखल बसतो. त्याच्या अनंत त्सुकुयोमीत (सगळ्या जगाला झोपवणाऱ्या मायेत) प्रत्येकाला मनासारखं स्वप्न मिळणार, कोणाला नरक नाही, फक्त जागं व्हायचं नाही. सैतानाच्या साच्यात ही योजना विचित्र दिसते, माराच्या साच्यात अगदी सरळ आहे.

बंडखोरीचा धागा हवा असेल तर गो नागाईचं 'डेव्हिलमॅन' (1972-73) वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे सैतान खरोखर सैतान आहे. तो देवाने नष्ट करायला घेतलेल्या राक्षसांची बाजू घेतो. पण रियो म्हणून वावरताना आपण सैतान आहोत हे त्यालाच ठाऊक नसतं, आणि नायक अकिराला राक्षसाशी एकरूप व्हायला तोच तयार करतो. मोह घालणारा स्वतःच फसलेला आहे, हे नागाईने केलेलं धाडस मला फार मोठं वाटतं.

'फुलमेटल अल्केमिस्ट'चा खलनायक फादरही बंडखोरच. देवाला गिळायला निघतो, सात पापं अंगातून वेगळी काढतो. मात्र त्याचा सौदा खोटा आहे. झर्झेसच्या राजाला अमरत्व देतो सांगून तो एका रात्रीत सगळ्या प्रजेचा जीव घेतो, आणि त्या प्रजेचा होकार कोणी विचारलेलाच नसतो.

शाईचा डाग

छान, बरंच सुटलं. मुझान राहिला. तो माणसाला राक्षस करणारं आपलं रक्त देतो, बदल्यात गुलामी घेतो, वसुलीही स्वतः करतो. पहिली आणि चौथी, दोन्ही जागा त्याच्याच. मग तो तरी पक्का सैतान ना?

उजवीकडून डावीकडे

अर्धाच. त्याचं प्रत्येक गिऱ्हाईक वेगळं तपासावं लागतं.

मुझानने राक्षस केलेला तलवारबाज कोकुशिबो हा शुद्ध फाउस्ट. अंगावर खूण उमटलेले तलवारबाज पंचविशीच्या पुढे सहसा जगत नाहीत. त्याला मरणाची भीती आहे आणि भावाची बरोबरी करायला वेळ हवाय. मुझान नेमका तोच वेळ देऊ करतो, तो घेतो. रुईचंही साधारण तसंच, आजारी मुलाला धडधाकट शरीर. पण आकाझाला विचारलेलंच नाही. शेजारच्या दोजोतल्या (युद्धकलेच्या आखाड्यातल्या) 67 जणांना मारून तो सुन्न झालेला असताना मुझान त्याच्या डोक्यात हात घालून रक्त ओततो. नायकाची बहीण नेझुको हिच्या बाबतीत तर संमतीचा प्रश्नच नाही. म्हणजे मुझान कधी सौदागर, कधी नुसती साथ पसरवणारा रोग. गंमत म्हणजे मोह घालायचं अस्सल काम पुढे आकाझा करतो, राक्षसांशी लढणाऱ्या रेंगोकूला पुन्हा पुन्हा 'ओनी (राक्षस) हो' म्हणत. आणि रेंगोकू मरणाच्या दारातही ते नाकारतो, म्हणून तो प्रसंग इतका लागतो.

लिहिताना एक चूक टाळा: 'सैतानी' पात्र ठरवून मग पुरावे गोळा करू नका, प्रसंग ठरवा. एकाच पात्राचे दोन प्रसंग दोन उत्तरं देतात. 'नारुतो'मधला खलनायक ओरोचिमारू तरुण निन्जा सासुकेच्या मानेला चावतो तेव्हा संमती नाही. सासुके स्वतःच्या पायांनी गाव सोडून त्याच्याकडे जातो तेव्हा आहे.

तिसरी चौकट

माकिमाचं कोणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. 'चेनसॉ मॅन'मध्ये करार हा जगाचा नियमच आहे. सैतानांची शिकार करणारा आकीसुद्धा कोल्ह्याच्या सैतानाला कातडी देतो, शापाच्या सैतानाला आयुष्य. त्यामुळे 'करार करते म्हणून ती सैतान' हे तिथे पुरावा म्हणून चालत नाही. माकिमाचं वेगळेपण दुसरीकडे आहे. पोचिता हा कुत्र्यासारखा छोटा सैतान नायक डेंजीला हृदय देतो आणि बदल्यात फक्त 'तुझं स्वप्न मला दाखव' एवढंच मागतो. सगळ्या गोष्टीत फसवणूक नसलेला करार हाच. माकिमा डेंजीला घर देते, माणसं देते, आणि मग ते सगळं मोडते, कारण तिला हा एक करार तुटायला हवा असतो. चार प्रश्नांत पाचवा घाला: दुसऱ्याचा करार कोण मोडतं?